नदीकडच्या खोलीतली हिरवी शेगडी

मी एक जुनी शेगडी आहे. पण नेमकी कुठली, असे विचाराल तर मला धड सांगता येणार नाही.

मित्रांनो, शेगडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे ओट्यावरची शेगडी येईल. मी तशी नाही. मी छताला टेकेल एवढी उंच आहे. आतून विटांची, बाहेरून चिनी मातीच्या हिरव्या चकचकीत फरश्यांची. सकाळी पोटात चार लाकडे पडली, की मी दिवसभर खोली उबदार ठेवू शकते. रिगा शहरात, दौगावा नदीच्या काठी, ‘सोनेरी करकोचा’ नावाचे एक हॉटेल आहे. त्याच्या दुसऱ्या मजल्यावर, बारा नंबरच्या खोलीत मी उभी असते. माझ्या शेजारी भिंतीवर एक पितळी पाटी होती. तिच्यावर कोरले होते, ‘ही शेगडी १९०८ सालापासून याच जागी उभी आहे.’ येणारा प्रत्येक पाहुणा ती पाटी मोठ्याने वाची आणि मान डोलवी. पाहुण्यांचे समाधान होई. माझा मात्र दर वेळी गोंधळ उडे, कारण मला आठवत होते ते निराळेच.

आठवते तिथपासून सांगते.

माझा जन्म नदीपलीकडच्या कुंभारवाड्यात झाला. इंद्रिकिस नावाच्या कुंभाराने निळसर माती तुडवली, चाळली आणि लाकडी साच्यात दाबली. एकशेचौऱ्याऐंशी फरश्या झाल्या. प्रत्येकीवर झाडाचे एक पान उमटले होते. मला माझे अंग कधी दिसले नाही, पण ते पान ओकचे आहे हे मी इंद्रिकिसच्या तोंडून ऐकले होते. दोनदा भाजून काढल्यावर त्याने मला गवताच्या पेंढ्यात गुंडाळले, होडीत घातले आणि नदीपार आणले. हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर, एकतीस नंबरच्या खोलीत माझी स्थापना झाली. खिडकी अंगणाकडे होती. अंगणात पाण्याचा हातपंप होता. तो दिवसभर कुरकुरत असे.

ते माझे कौतुकाचे दिवस होते. अंबाडीचे व्यापारी येत, नाटकवाल्या बाया येत, धर्मगुरू येत. ओले बूट माझ्या पायाशी ठेवत आणि म्हणत, “शेगडी असावी तर अशी.” मग एक युद्ध झाले. मालक बदलले. पुन्हा एक युद्ध झाले. त्यानंतर शहरावर नवा अंमल आला, हॉटेल बंद झाले आणि एकेका खोलीत दोन दोन कुटुंबे राहायला आली.

एकतीस नंबरात धोबीकाम करणारी एक बाई आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचे नाव वेल्ता. तिचे वडील युद्धावरून परतले नव्हते. खोलीच्या मधोमध दोरी बांधून चादर टांगली होती. अलीकडे वेल्ता आणि तिची आई, पलीकडे दुसरे कुटुंब. मी नेमकी मध्ये होते, त्यामुळे दोन्हीकडच्यांना सारखी ऊब मिळे. वेल्ताचे लोकरीचे हातमोजे माझ्या अंगावर वाळत. आई कामावर गेली की वेल्ता माझ्या फरश्यांवर बोट ठेवून आकडे मोजायला शिके. एकशेचौऱ्याऐंशीपर्यंत तिला बिनचूक येऊ लागले. त्यापुढचे शिकायला तिला शाळेत जावे लागले.

एकोणीस वर्षांची झाल्यावर ती गेली. शहराच्या टोकाला त्यांना स्वतःची जागा मिळाली होती. पुढे विद्यार्थी आले. भिंतीला गरम पाण्याचे लोखंडी नळ लागले आणि माझ्या पोटात लाकूड पडणे थांबले. मी थंड झाले. विद्यार्थी माझ्यावर मोजे टाकत, पण ते काही वाळत नसत. मग तेही गेले. छप्पर गळू लागले, दारांना फळ्या ठोकल्या, खोलीत पारवे राहू लागले. कित्येक वर्षांनी एका सकाळी डोक्यावर टोप्या घातलेली माणसे हातोड्या घेऊन आली. त्यांतल्या एकाने माझ्या माथ्यावरची पहिली फरशी उचकटली. त्यानंतरचे मला काहीच आठवत नाही. शेगडी सुटी झाली की तिला आठवण राहत नाही.

जाग आली तेव्हा समोर नदी होती.

भिंती नव्या रंगाच्या होत्या, छताला काचेचे झुंबर होते. माझ्या पोटात लाकडांऐवजी नारिंगी दिवा होता. बटण दाबले की तो लपलपे आणि पाहुणे म्हणत, “अहा, किती उबदार.” ऊब तर कणभर नसे. पण मला त्याचे एवढे दुःख नव्हते. मला भीती वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. माझ्या डाव्या अंगाला पंपाची कुरकुर आठवे, ओल्या लोकरीचा वास आठवे. उजव्या खांद्याला मात्र जहाजांचे भोंगे आठवत, सिगारचा धूर आठवे, आणि कोणीतरी व्हायोलिनवर एकच सूर पुन्हा पुन्हा घोटत असल्याचे आठवे. माझ्या खोलीत कधीही व्हायोलिन नव्हते. मग ही आठवण आली कुठून? आणि शेजारची पाटी म्हणे, मी इथेच होते, पहिल्यापासून. मित्रांनो, सगळे जग एक म्हणते आणि आपल्याला दुसरेच आठवते, तेव्हा माणूस काय करतो ठाऊक नाही. शेगडी स्वतःवरच संशय घेते.

अशी पाच वर्षे गेली. गेल्या शरदात, नदीकाठची लिंडनची झाडे पिवळी पडली असताना, एका शनिवारी दुपारी बारा नंबरचे दार उघडले. आधी एक पन्नाशीची बाई आत आली. तिच्या हातात फुले होती आणि केशर घातलेला वेटोळा पाव होता, वाढदिवसाला करतात तो. तिच्यामागून काठी टेकत एक म्हातारी आली. चालण्यावरून मी ओळखले नाही. पण तिने हातमोजा काढला, माझ्या डाव्या कडेच्या फरशीवर तर्जनी ठेवली आणि हलकेच म्हणाली, “एक.”

ती वेल्ता होती. चौऱ्याऐंशी वर्षांची.

“ओळखलीस ना, आई?” मुलगी म्हणाली. तिचे नाव इनेसे. ती डब्लिनला एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि दोन आठवड्यांची रजा काढून आली होती. “दोन दिवस तुझ्याच खोलीत राहायचं. वाढदिवसाची भेट माझी.”

वेल्ताने खिडकीकडे पाहिले. मग माझ्याकडे. मग पुन्हा खिडकीकडे.

“शेगडी माझी आहे,” ती म्हणाली. “खोली माझी नाही.”

“अगं, ही पाटी वाच की.”

“पाटी मी नाही लिहिली. आमची खोली अंगणाकडं होती. नदी बघायला मला जिना उतरून कोपऱ्यापर्यंत पळावं लागायचं. आता काय नदीच वर चढून आली?”

“पासष्ट वर्षं झाली, आई. होतो गोंधळ.”

 वेल्ता माझ्या अंगावरून बोट फिरवत राहिली. उजव्या खांद्यापाशी येऊन बोट थांबले. “आणि शेगडीसुद्धा सगळी माझी नाही,” ती म्हणाली. “ह्या परक्या आहेत.”

“कोण परक्या?”

“ह्या. फरश्या.”

इनेसेने फुले टेबलावर ठेवली. पाण्याचे भांडे शोधण्याच्या निमित्ताने ती न्हाणीघरात गेली आणि तिथून तिने नवऱ्याला फोन लावला. दार नीट लागले नव्हते.

“आईचं विसरणं वाढलंय रे. आता म्हणते खोली बदलली. फरश्या परक्या आहेत म्हणते… नाही, सोमवारी मी सही करणारच. जागा फार मुश्किलीनं मिळालीय त्या वृद्धाश्रमात. मागच्या महिन्यात गॅस चालू ठेवून बाजारात गेली होती, शेजारणीनं वास आला म्हणून बंद केला. डब्लिनहून किती वेळा धावत येऊ मी?”

हे मी ऐकले. वेल्तानेही ऐकले. ती खुर्चीत तशीच बसून राहिली. इनेसे खाली चहा सांगायला गेली, तेव्हा वेल्ता उठली, चष्मा लावला आणि पाटी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

“पितळेवर कोरलंय म्हणजे विचारूनच कोरलं असेल,” ती पुटपुटली. “माझंच चुकत असेल. गॅसचं चुकलं, तसं हेही.”

तिचा हात माझ्यावर होता. माझ्या उजव्या खांद्यात तेव्हाही जहाजाचा भोंगा वाजत होता. मला वाटले, हिला माझे सगळे सांगावे. मग वाटले, काय सांगणार? मलाच कुठे कळले आहे? तिने पाटीपुढे हार मानली. तिच्याबरोबर मीही मानली. आपण दोघीही म्हाताऱ्या झालो, असे मी मनाशी म्हटले.

रविवारी सकाळी इनेसे न्याहारी आणायला खाली गेली. ताट घेऊन वर आली तर खुर्ची रिकामी. काठी नव्हती. बूट आणि कोट मात्र जागेवर होते. म्हातारी घरातल्या सपातांवरच गेली होती. इनेसेने न्हाणीघर पाहिले, पडदे सारले, आणि मग खिडकी उघडून खाली नदीकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. हॉटेलचा व्यवस्थापक राइव्हो धावत आला. तो शांत स्वभावाचा माणूस होता, पण आता तोही धापा टाकत होता.

“बाहेरच्या दारानं गेल्या नाहीत, बाई. मी तिथंच होतो.”

“तिला काही कळत नाही हल्ली,” इनेसे म्हणाली. “मी एकटं सोडायलाच नको होतं. माझीच चूक.”

अर्धा तास गेला. तो अर्धा तास मला पारव्यांच्या सगळ्या वर्षांहून लांब वाटला. मग जिन्यावर काठीचा आवाज आला. राइव्होच्या हाताला धरून वेल्ता आत आली. तिच्या गुडघ्यांना धूळ लागली होती आणि तिचा चेहरा चांगलाच रागावलेला होता.

“तिसऱ्या मजल्यावर होत्या,” राइव्हो म्हणाला. “चादरींच्या कोठारात. कपाट सरकवून भिंतीपाशी बसल्या होत्या.”

“कपाट मी नाही सरकवलं. तुमच्या चादरीवाल्या बाईनं सरकवलं. मी फक्त कुठं सरकवायचं ते सांगितलं.” वेल्ता खुर्चीत बसली. “इनेसे, तिथं जमिनीवर विटांचा चौकोन आहे. शेगडीच्या मापाचा. भिंतीत धुराड्याचं भोक आहे, लिंपून टाकलेलं. आणि खिडकीतून खाली बघ, पंपाचा लोखंडी खुंट अजून तसाच आहे. जा, बघून ये. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, डोळ्यांनी बघ.”

इनेसे गेली आणि बघून आली. परत आली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता.

“मग ही शेगडी इथं कशी आली?” तिने राइव्होला विचारले.

राइव्होचे कान लाल झाले. “मला इथं दोनच वर्षं झालीत. पाटी माझ्या आधीची आहे. पण ही ज्यानं रचली तो माणूस आहे अजून. दरवर्षी धुराडं साफ करायला येतो. बोलावतो त्यांना.”

दुपारपर्यंत गुनवाल्दिस आला. आडव्या बांध्याचा, हातांच्या भेगांत कायमची माती बसलेला मिस्त्री. टोपी काढून तो उभा राहिला आणि राइव्होने सगळे सांगितल्यावर त्याने माझ्याकडे न पाहता थेट वेल्ताकडे पाहिले.

“तिसऱ्या मजल्यावरचीच आहे,” तो म्हणाला. “मीच उतरवली. ह्या खोलीत अशीच दुसरी होती, पण वरून पाणी गळून गळून तिचा चुरा झालेला. वास्तुकार म्हणाले, नदीकडची खोली सगळ्यांत चांगली, शेगडी तिथंच पाहिजे. वरचीच्या काही फरश्या काढताना फुटल्या. मग इथलीच्या ज्या धड होत्या त्या मी त्यात बसवल्या. जागाही इथलीचीच, धुराडंही इथलीचंच.”

“मग तसं सांगितलं का नाही?” इनेसेने विचारले.

“मला कोणी विचारलंच नाही, ताई. शेगडी मी लावली. पाटी दुसऱ्यानं लावली.” मग तो वेल्ताकडे वळला. “पण आजी, तुम्हाला कसं कळलं? दोन्ही एकाच कुंभाराच्या, रंगही एकच. माझ्या हाताखालच्या माणसांनासुद्धा ओळखता येत नव्हत्या.”

“आमच्यावर ओकचं पान. कडा कुरतडल्यासारख्या. ह्यांच्यावर लिंडनचं, बदामासारखं. डोळ्यांना नाही कळत. बोटाला कळतं.”

“किती आहेत, सांगाल?”

वेल्ता उठली. वरच्या फरश्या मोजायला गुनवाल्दिसने तिच्यासाठी स्टूल ओढले, पण ती त्यावर चढली नाही. वरच्यांवर तो बोट ठेवी आणि पानाचा आकार सांगे. खालच्या ती स्वतः चाचपे.  एकदा तिचा आकडा चुकला तेव्हा तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

“त्रेचाळीस,” ती म्हणाली.

गुनवाल्दिसने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. “त्रेचाळीसच,” तो म्हणाला.

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटले ते सांगणे कठीण आहे. माझ्या खांद्यावर त्रेचाळीस फरश्यांची एक दुसरीच शेगडी बसली होती. व्हायोलिन तिचे होते, सिगारचा धूर तिचा होता, जहाजे तिची होती. ती बिचारी स्वतःच्या घरात होती आणि माझी लोकर, माझा पंप आणि वेल्ताचे आकडे आठवून तिचाही जीव घाबरा होत असेल. मी वेडी नव्हते, हे मला कळले. पण मग ‘मी’ म्हणजे कोण, हा गुंता सुटला नाही. तो आणखीच वाढला.

इनेसे आईच्या खुर्चीपाशी खाली बसली. “मी तुला भ्रमिष्ट समजले, आई.”

“गॅस चालू ठेवला होता तो मीच,” वेल्ता म्हणाली. “तेही खरं आहे. हे बरोबर निघालं म्हणून ते खोटं होत नाही. मी विसरते. कधी कधी तुझ्या बापाला हाक मारते आणि मग आठवतं.”

“मग मी काय करू, तूच सांग.”

“हे बघ, आत्ता विचारलंस. सही करायला निघाली होतीस तेव्हा विचारायचं होतंस.”

इनेसेने मान खाली घातली. मग ती म्हणाली, “काय पाहिजे तुला?”

वेल्ताने काठी मांडीवर आडवी ठेवली. तिला कोणी हे बऱ्याच दिवसांत विचारले नसावे. “विजेची शेगडी आण, आपोआप बंद होणारी. शेजारची बिरुता रोज सकाळी कॉफी प्यायला येतेच. तिच्याकडं किल्ली ठेव. आणि ती तुझी वृद्धाश्रमाची जागा मला आधी दाखव. बाग बरी असली आणि माणसं फार गोड बोलणारी नसली, तर पुढच्या वर्षी जाईन. माझ्या पायानं.”

“आणि सोमवारी?”

“सोमवारी मासे घेऊ बाजारातून.”

इनेसे हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. गुनवाल्दिस निघायच्या बेतात होता. त्याला वेल्ताने थांबवले.

“धुराडं तुम्ही दरवर्षी साफ करता म्हणता. म्हणजे ते चालू आहे?”

“आहे की.”

“मग हिच्या पोटात दिवा कशाला?”

तिघांनीही राइव्होकडे पाहिले. राइव्हो म्हणाला, “नियम आहे, आजी. आणि पाहुण्यांना तेवढं पुरतं.”

“पाहुणी मी आहे. मला नाही पुरत.”

राइव्होने बाहेर जाऊन मालकांना फोन केला. आत आला तेव्हा त्याच्या हातात पाण्याची बादली होती आणि मागे चादरीवाली बाई बर्चची चार लाकडे घेऊन उभी होती. “मिस्त्री इथं बसून राहणार असतील तरच,” तो म्हणाला. गुनवाल्दिसने दिवा काढून टाकला, आतल्या विटा हाताने चाचपल्या आणि बर्चच्या सालीला काडी लावली.

चाळीस वर्षांनी माझ्या पोटात जाळ आला. आधी नुसताच धूर झाला आणि सगळे खोकले. मग धुराड्याने ओढ घेतली. ऊब विटांतून फरश्यांत यायला दोन तास लागले. पहिल्यांदा खालची ओकची रांग तापली, मग तिच्या शेजारची लिंडनची. कुठेतरी सांध्यात टक् असा आवाज झाला. राइव्हो दचकला. “काही नाही,” गुनवाल्दिस म्हणाला, “आळस देतेय.” संध्याकाळ व्हायच्या आत वेल्ता उठून माझ्यापाशी आली, पाठ माझ्या अंगाला टेकली आणि डोळे मिटून उभी राहिली. थोड्या वेळाने इनेसेही येऊन तिच्याशेजारी तशीच उभी राहिली. केशराचा पाव सगळ्यांनी उभ्या उभ्याच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी बाजाराच्या वाटेने गेल्या. राइव्होने पाटी उतरवली आहे. नवीन पाटीवर काय लिहायचे यावर हॉटेलात अजून एकमत होत नाही. एकाला ते फार लांब वाटते, दुसऱ्याला फार खरे. हिवाळ्यात दर रविवारी गुनवाल्दिस येतो आणि मला पेटवतो. माझ्या आठवणी अजूनही एकमेकींत मिसळतात. पुष्कळदा व्हायोलिन ऐकता ऐकता मी वेल्ताचे आकडे मोजू लागते, आणि मग कोणाचे काय हे मला उमगत नाही. पण आता त्याची भीती वाटत नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू झाडा, पुसा, डागडुजी करा, हवी तर दुसरीकडे नेऊन ठेवा. आमची ना नाही. फक्त हलवण्याआधी ती कुठे होती हे एखाद्या कागदावर लिहून ठेवा. आणि तुमच्या घरात कोणी म्हातारे माणूस जगावेगळे काही सांगू लागले, तर लगेच त्याची समजूत घालू नका. आधी त्याच्याबरोबर जिना चढून कपाटामागे बघून या. कदाचित तिथे काहीच नसेल. तरी बघून या. मी मातीची आहे. मला कोणी विचारले असते तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. ज्यांच्या तोंडून तो फुटतो, त्यांना तरी विचारत जा.